टाचा टेकवून

आमच्या वडगावच्या घरात माजघराच्या दाराला जुनी सागवानी चौकट आहे. तिच्या डाव्या बाजूला पेन्सिलीच्या रेघा आहेत, माझ्या लेकीच्या उंचीच्या. सगळ्यांत खालची रेघ ती पहिल्यांदा आधाराशिवाय उभी राहिली त्या दिवशीची. मग दर वाढदिवसाला एक. यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, वाढदिवस नसतानाही, मी तिला चौकटीला टेकवून उभं केलं. डोक्यावर पाटी आडवी धरली आणि खाली पाहिलं, तर टाचा जमिनीपासून दोन बोटं वर. "टाचा टेकव," म्हटलं. तिनं टेकवल्या, पाटी खाली आली. केस चेपून रेघ ओढली, टेप लावली. ९७ सेंटीमीटर.

"आता परत मोज," ती म्हणाली, "आता मी मोठी झाले." आणि पुन्हा चवड्यांवर.

हे मोजमाप इमॅजिकासाठी होतं. खंडाळ्याचा घाट उतरलं की खोपोलीच्या पुढे, पालीच्या रस्त्यावर सांगडेवाडीला २०१३ साली हे थीम पार्क सुरू झालं. जिल्हा रायगड, तालुका खालापूर. पण आम्हा मावळवाल्यांना ते आपल्याच अंगणाच्या उतारावर असल्यासारखं वाटतं. एक्स्प्रेसवेवरून येता-जाता त्याच्या पाट्या दिसतात, त्यांच्यावरचा हत्ती लेकीनं पाठ केलाय. बालवाडीतल्या एका मैत्रिणीनं दसऱ्याच्या आधी जाऊन येऊन वर्णन केलं आणि आमच्या घरी तो विषय रोज रात्री जेवताना निघू लागला. तेव्हा ठरलं, हिवाळ्यात एकदा न्यायचं. सव्वाचार वर्षांच्या मुलीची ही पहिलीच अशी सहल. आणि खरं सांगायचं तर माझीही.

माझ्या लहानपणी असं ठिकाण एकच होतं, गोराईचं एस्सेलवर्ल्ड. ते १९८९ साली सुरू झालं. टीव्हीवर त्याची जाहिरात लागली की आम्ही रेल्वे क्वार्टर्समधली सगळी पोरं जिथं असू तिथून पळत यायचो. अप्पा, म्हणजे माझे वडील, "नेऊ एकदा" म्हणायचे. ते म्हणायचे तेव्हा त्यांच्या मनात ते खरंच असायचं. पण लोणावळ्याहून गोराई म्हणजे आधी मुंबई, मग बोरिवली, मग खाडी ओलांडायची होडी, आणि चौघांची तिकिटं. अप्पा रेल्वेत कीमन होते. मंकी हिल आणि ठाकूरवाडीच्या बाजूला घाटातला ठरलेला टप्पा रोज पायी तपासायचा, ढिल्या चाव्या हातोड्यानं ठोकून बसवायच्या, हिरवं-लाल निशाण बगलेत. रजा मागितली की घाटातला पाऊस आठवायचा. गोराई राहिलं ते राहिलंच.

आमचा आकाशपाळणा जत्रेतला. चैत्रात वडगावला पोटोबा महाराजांची जत्रा भरते, त्याच दिवसांत कार्ल्याला एकवीरेची. अप्पा मला खांद्यावर घेऊन गर्दीत शिरायचे. त्या उंचीवरून मला सगळं दिसायचं: पालखीची छत्री, मिठाईवाल्याच्या परातीतली रेवडी, कुस्तीच्या फडातली लाल माती, लांबवर फिरणारा पाळणा. पाळण्यात बसायला कुणी वय विचारत नसे, कुणी उंची मोजत नसे. पाळणेवाला पोराच्या पोटावर एक लोखंडी दांडी आडवी टाकायचा आणि ढकलून द्यायचा. अप्पा मात्र दांडीची खीळ स्वतः हलवून बघायचे. रोज चाव्या ठोकणारा माणूस तो. पाळणेवाल्याला त्याचा राग यायचा, पण अप्पा बघितल्याशिवाय मला बसवायचे नाहीत.

पार्कची माहिती गोळा करायला बसले तेव्हा ती जत्रा आठवली ती यासाठीच. इथं पहिलाच प्रश्न उंचीचा. तिकीट वयावर नाही, उंचीवर. आत गेल्यावर प्रत्येक राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी. नायट्रो नावाचा मोठा रोलर कोस्टर, उंचावरून खाली सोडणारे झुले, हे सगळं तिच्यासाठी अजून कित्येक वर्षं लांब. लहानांच्या वाट्याला मॅजिक कॅरोसेलचे घोडे आणि टबी टेक्स ऑफचे हत्ती. हत्ती म्हणजे तोच, पाटीवरचा. खांद्यावर बसलेल्या मुलीची उंची ही तिच्या बापाची उंची अधिक तिची स्वतःची असते. पट्टीपुढं मात्र ती एकटी उभी राहते. तिच्या आयुष्यात तिला असं एकटीला उभं करून कुणी अजून मोजलेलं नाही. दवाखान्यातसुद्धा मी तिचा हात धरलेला असतो.

आणि गमतीची नव्हे, विचार करायला लावणारी गोष्ट ही की एकाच दिवसात आईबापांना त्याच पोराच्या दोन वेगवेगळ्या उंची हव्या असतात. तिकिटाच्या खिडकीपाशी वाटतं, थोडं वाकलं तर बरं. राइडपाशी वाटतं, जरा ताठ राहा, जाड तळव्याच्या चपला घालून आलो असतो तर. मला हे नवं नाही. एसटीत पाच वर्षांवरच्या मुलाला अर्धं तिकीट. रेल्वेत पाचाच्या आत तिकीटच नाही. मी सहा वर्षांची असताना मावशीबरोबर एसटीनं जुन्नरला गेले होते. चढण्याआधी मावशीनं कानात सांगितलं, "कंडक्टरनं विचारलं तर चार सांग." त्यानं विचारलं. मी चार सांगितलं, आणि सांगताना नकळत गुडघे वाकवून सीटच्या कडेला लहान होऊन बसले. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पुढं गेला. नारायणगाव येईपर्यंत मी ताठ बसले नाही. मावशी वाईट नव्हती. तिच्या पर्समध्ये मोजून पैसे होते. पण मला अजून ते गुडघे आठवतात.

घरी आल्यावर अप्पांना सांगितलं. ते रागावले नाहीत. पुढच्या खेपेला मावशीच्या हातात अर्ध्या तिकिटाचे पैसे वेगळे कागदात बांधून दिले आणि मला म्हणाले, "आहे तेवढं सांगायचं. कमी नाही, जास्त नाही."

म्हणून या सहलीची पहिली गोष्ट ठरली ती ही: आपली मुलगी आहे तेवढीच आहे. ९७. जे ९७ मध्ये बसतं ते तिचं. जे बसत नाही त्याच्यासाठी चपलांची उंची वाढवायची नाही, गेटवरच्या माणसाला गळ घालायची नाही, आणि "बघ, थोडक्यात हुकलं" असंही तिच्यासमोर म्हणायचं नाही. नवऱ्याचं मत आधी वेगळं होतं. तो म्हणाला, एवढा खर्च करून चार घोडे आणि एक हत्ती बघायचा, तर दोन वर्षं थांबू, मोठी झाली की सगळ्यात बसेल. हिशेबाला ते बरोबरच होतं. पण दोन वर्षांनी ती त्या हत्तीकडे बघेल का? चार वर्षांच्या मुलीचं पार्क चार वर्षांच्या मुलीलाच दिसतं. सहाव्या वर्षी ती वेगळ्या पार्कात जाईल, नाव तेच असलं तरी. आम्ही दोघं ओट्यावर बसून बराच वेळ बोललो आणि मग तोच म्हणाला, "चल, हत्तीसाठी जाऊ."

केव्हा जायचं हे आमच्याकडे शेत ठरवतं. घरचं दीड एकर भात आहे, इंद्रायणी. हा वाण इथल्याच, वडगावच्या भात संशोधन केंद्रात तयार झाला. सासरे त्याबद्दल गावात पाहुणा आला की सांगतातच. जुलैत लावणी, दिवाळीच्या पुढं-मागं कापणी आणि झोडणी, तोवर घरातलं कुणी हलत नाही. पावसाळ्यात तसंही घाटात कोण जाईल? लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि शनिवार-रविवारी तितकीच माणसंही येतात, असं वाटतं. मे महिन्यात वर लोणावळ्याला बरं असतं, पण खाली खालापूर म्हणजे कोकणाचाच उकाडा. डिसेंबरात शाळांच्या सहली. उरला जानेवारी, संक्रांतीनंतरचा. नवऱ्याच्या कारखान्याला गुरुवारची सुट्टी असते, इथल्या एमआयडीसीत पुष्कळांना असते, आणि बालवाडी एक दिवस बुडाली तरी काही बिघडत नाही. ही मुभा फार थोडी वर्षं मिळते. पहिलीत गेली की गुरुवार गेला.

मग तिची ताकद बघायची होती. त्यासाठी आम्ही दोन तालमी केल्या, आणि मला विचाराल तर खरी तयारी ती.

पहिली एकवीरेची. कार्ल्याच्या पायथ्यापासून तिला पायऱ्या चढू दिल्या, कडेवर घ्यायचं नाही असं ठरवून. पहिल्या टप्प्यात ती आमच्या पुढे. मग पायऱ्या मोजू लागली, एकोणीसनंतर पुन्हा अकरा. मग प्रत्येक नारळवाल्यापाशी उभी. अर्ध्याच्या थोडं वर गेल्यावर ती काही बोलली नाही, रडली नाही, फक्त माझ्या साडीचा काठ मुठीत घेतला आणि चुरगळत राहिली. ती दमली की असं करते हे मला तिथं कळलं. चार वर्षं मी तिची आई आहे आणि हे मला माहीत नव्हतं, कारण इतकं दमायच्या आधीच आम्ही तिला नेहमी उचलून घेतलेलं होतं. वर देवीचं दर्शन झालं. शेजारच्या लेण्यात गेलो. दोन हजार वर्षांच्या त्या चैत्यगृहाच्या छताला अजून मूळच्या लाकडी कमानी आहेत, तिनं मान मागे टाकून त्या पाहिल्या आणि विचारलं, "हे कुणी मोजलं?" उंच असलेल्या प्रत्येक गोष्टीला तिचा सध्या हाच प्रश्न असतो.

दुसरी तालीम पुण्याची. लोकलनं शिवाजीनगर, तिथून रिक्षा, पेशवे पार्क. तिथली फुलराणी, मुलांची छोटी आगगाडी, १९५६ च्या एप्रिलपासून धावते आहे. पुण्याच्या तीन पिढ्या तिच्यात बसल्या. सासूबाई लग्नाआधी सदाशिव पेठेत राहायच्या, त्याही बसल्यात. बसायला मिळेपर्यंतचा वेळ मला बघायचा होता, कारण पार्कमध्ये दिवसाचा मोठा भाग रांगेतच जातो. वीस मिनिटं ती आनंदानं उभी राहिली. त्यापुढची पाच मिनिटं साडीचा काठ. गाडीत बसल्यावर मात्र तिनं समोरची दांडी दोन्ही हातांनी अशी धरली की बोटं पांढरी पडली. भीती वाटते का म्हणून विचारलं, तर मान हलवून नाही म्हणाली. मग थोड्या वेळानं दांडीकडेच बघत म्हणाली, "थोडी वाटते. पण उतरवू नको."

हे वाक्य मी तयारीच्या वहीत लिहून ठेवलं. वही तिच्यासमोर उघडून विचारलं, तुला भीती वाटली आणि उतरायचं असेल तर मला कसं कळेल? तिनं विचार करून सांगितलं, मी तुझं नाक धरीन. ते ठरलं. नाक धरलं की उतरायचं, कितीही रांग लावलेली असो.

भीतीबद्दल मावळातल्या माणसानं जरा सविस्तर बोललं पाहिजे. लोक आमच्याकडे भिजायला येतात. भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी वाहतं, लहान मुलांना त्यात बसवतात, आणि पाणी शहाणं असेल तोवर ते सुंदरच असतं. ३० जून २०२४ ला भुशीच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं आमच्या सगळ्यांच्या मोबाइलच्या पडद्यावर एकमेकांना धरून उभी राहिली आणि वाहून गेली. त्यांत चिमुकली मुलं होती. आमच्या लोणावळ्याच्या घरी त्या रात्री कुणी जेवलं नाही. ती माणसंही पोरांना एक चांगला दिवस द्यायला घरातून निघाली होती, आमच्यासारखीच. डोंगर वर कुठं किती कोसळतोय हे खाली उभ्या माणसाला दिसत नाही. तिथं कुणी पट्टी घेऊन उभा नसतो. म्हणून राइडच्या तोंडाशी उभ्या असलेल्या, गणवेशातल्या कुठल्याशा पोरानं माझ्या मुलीला मोजून "नाही" म्हटलं तर मला त्याचा राग येणार नाही. मी मनापासून त्याचे आभार मानीन. त्याचं ते काम अप्पांच्या कामाच्या जातीचं आहे.

अप्पांकडे गेलो ते दिवाळीच्या पाडव्याला, लोणावळ्यातल्या भांगरवाडीच्या घरी. निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली. माझी वही त्यांनी चष्मा लावून वाचली: काय न्यायचं, किती वाजता पोचायचं, आधी काय, मग काय. वाचून झाल्यावर म्हणाले, "यात थांबे कुठं आहेत?"

मला कळलं नाही. त्यांनी नातीला जवळ बोलावलं. तिची खेळण्यातली मोटार मागितली. एक पाट पायरीवरून तिरका खाली लावला, म्हणजे उतार. त्याच्या टोकाला दुसरा पाट, उलटा चढता. "सोड गाडी." तिनं सोडली. मोटार सुसाट उतरली, दुसऱ्या पाटावर चढली, दम संपला, थबकली आणि हळूहळू मागे आली. नात टाळ्या पिटायला लागली. त्यांनी ती मोटार तिच्याकडून दहा वेळा सोडवून घेतली, आणि दहाही वेळा मी बघत राहिले.

"हे कॅच सायडिंग," ते म्हणाले.

लहानपणी हा शब्द मी रोज ऐकला होता, पण त्या दिवशी समजला. भोर घाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली. घाटाचा चढ काही ठिकाणी सदतीसास एक, म्हणजे सदतीस मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. चढताना कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, ती आम्ही सगळ्यांनी पाहिलेली असतात. चढाची काळजी दिसते. उताराची दिसत नाही. उतरणाऱ्या गाडीसाठी घाटात ठरावीक ठिकाणी बाजूला एक रूळ काढलेला असतो, तो वर डोंगराकडे चढत जातो आणि संपतो. सांधा नेहमी त्या रुळाकडेच लावलेला असतो. गाडीनं त्याच्या अलीकडे येऊन पूर्ण उभं राहायचं. उभी राहिली, म्हणजे ब्रेक ताब्यात आहेत हे दिसलं, की मगच सांधा मुख्य मार्गाला लागतो आणि पुढं जायची परवानगी मिळते. न थांबता आली तर ती आपोआप त्या चढत्या रुळावर जाते, आणि चढ तिला थांबवतो.

"पुढं जायचं हे ठरलेलं नसतं," अप्पा म्हणाले. "थांबायचं हे ठरलेलं असतं. थांबून दाखवलं तर पुढं."

त्या रात्री मी वहीतलं पान फाडून नवं लिहिलं. आता त्यात राइडची यादी नाही. तीन वेळा आहेत: अकरा, एक, तीन. प्रत्येक वेळेला आम्ही कुठंतरी सावलीत पूर्ण थांबणार. रांगेत उभे असलो तरी रांग सोडणार. पाणी, खाणं, बाथरूम, टोपी, आणि साडीचा काठ. मी त्या दिवशी पंजाबी ड्रेस घालणार होते, सोयीचा म्हणून. पण मग काठ कुठून आणणार? ओढणी घ्यायची ठरवलं. ती ठीक असेल तर पुढं. नाही तर वाट घरची, दिवसाचं तिकीट किती का उरलेलं असेना. हे नवऱ्याकडून मी कबूल करून घेतलं, कारण तिकिटाचे पैसे वसूल करायच्या नादात संध्याकाळी पोराला फरफटत नेणारे आईबाप मी शनिवारवाड्यापासून महाबळेश्वरपर्यंत सगळीकडे पाहिलेत, आणि त्या पोरांचे चेहरेही.

हरवण्याचं वेगळं पान. जत्रेत अप्पा सांगायचे, हात सुटला तर धावायचं नाही, आहेस तिथंच मारुतीसारखी उभी राहा, मी येतो. लेकीलाही तेच शिकवलंय. वडगावच्या बाजारात दोनदा करून पाहिलं: मी भाजीच्या पाटीमागे सरकायची, ती जागच्या जागी उभी. दुसऱ्यांदा ती उभी राहिली, ओठ थरथरत होते, पण पाय हलले नाहीत. तिच्या फ्रॉकच्या आतल्या शिवणीवर मोबाइल नंबर कापडाच्या पट्टीवर लिहून टाचलाय.

जायचं मोटारीनं. मला फार वाटत होतं की तिनं पहिला घाट रेल्वेतून उतरावा, आजोबांचा टप्पा खिडकीतून बघावा. पण लोणावळ्याहून खोपोलीला सरळ गाडी नाही. कर्जतला उतरून खोपोलीची लोकल धरावी लागते, आणि परतीला पेंगुळलेलं पोर घेऊन ते जमणारं नव्हतं. रेल्वेचा घाट उन्हाळ्यावर टाकला. रस्त्यानं जाताना तिला अमृतांजन पुलाची जागा दाखवीन. १८३० चा तो पूल २०२० च्या एप्रिलमध्ये, रस्ते ओस पडले होते तेव्हा पाडला. तो दिसला की आम्ही पोरं ओरडायचो. तिच्यासाठी तिथं नुसतं आभाळ आहे.

एक गोष्ट तिला तिथं दाखवायचीच असं मी ठरवलंय. पार्कमध्ये राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर नावाची पाण्यातली सफर आहे. त्यात तिला बसता येईल की नाही हे तिथली पट्टी ठरवील. बाहेरून बघितलं तरी चालेल. डायनासोर तिला पुस्तकातून माहीत आहेत आणि तिचा नेहमीचा प्रश्न असतो, "खरा होता का?" परी खरी नाही, बोलणारा हत्ती खरा नाही, हे तिला आम्ही समजुतीनं सांगतो. पण राजासॉरस खरा होता. त्याची हाडं गुजरातेत, नर्मदेच्या परिसरात सापडली आणि २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव दिलं. आपल्याच देशातला राजा. आणि तो जिथं गाडला गेला ते थर दख्खनच्या लाव्ह्याच्या खाली आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा जो रस थरावर थर साचत गेला त्याचाच हा आमचा सह्याद्री झाला: लोहगड, विसापूर, कार्ल्याचं लेणं कोरलेला तो काळा कातळ. म्हणजे घाट उतरताना मोटारीच्या खिडकीतून जे थर दिसतात, ते त्या राजाच्या काळाच्या अगदी शेवटाशी साचलेले. हे तिला कसं सांगायचं याचा मी अजून विचार करते आहे. बहुधा दगडावर हात ठेवायला सांगीन आणि म्हणीन, हा दगड पातळ होता तेव्हा तो होता.

वॉल्ट डिस्नेची एक गोष्ट मला या तयारीत फार जवळची वाटली. दर शनिवारी तो आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधल्या घोड्यांच्या चक्रावर न्यायचा. मुली फिरायच्या आणि तो बाकावर बसून शेंगदाणे खायचा. त्या बाकावर त्याच्या मनात आलं, आईबाप आणि मुलं यांना मिळून मजा करता येईल अशी जागा हवी. त्यातून पुढं १९५५ च्या जुलैमध्ये डिस्नेलँड उघडलं. जगातली सगळी थीम पार्कं एका अर्थी त्या बाकाची लेकरं. पण मला वाटतं, तो बाकही काही वाईट नव्हता. माझ्या मुलीच्या घोड्याच्या बाहेर मी उभी राहीन तेव्हा तिची पाठ फिरेल, मग ती दिसेनाशी होईल, आणि प्रत्येक फेरीला ती मला शोधत पुन्हा समोर येईल. एवढ्यासाठी मी दिवसभर उभी राहू शकते. शेंगदाणे आमच्याकडे आहेतच, गुळातले. घाटात रेल्वेचं काम चाललं होतं तेव्हा मजुरांसाठी गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी बनायची, तिचीच पुढं लोणावळ्याची चिक्की झाली, असं आमच्याकडे सांगतात. अप्पांनी एक डबा आणून ठेवलाय. आत नेऊ देत नसतील तर गाडीत ठेवायचा, परतीच्या वाटेसाठी.

उद्या गुरुवार. अप्पा मुक्कामाला आलेत, ते बरोबर येणार आहेत. गुडघे दुखतात, पण "मी थांब्यावर बसेन" म्हणाले. टोपी, दोन जोड कपडे, टॉवेल, ओढणी, औषधाची पुडी, सगळं दाराशी पिशवीत आहे. सासूबाईंनी दशम्या केल्यात, त्या घाटाच्या अलीकडे खायच्या. गजर साडेपाचचा.

झोपायच्या आधी लेक स्वतःहून चौकटीला जाऊन टेकली. मी पाटी घेतली. या वेळी सांगावं लागलं नाही, टाचा जमिनीवर होत्या. साडेअठ्ठ्याण्णव. तिनं वळून दोन्ही रेघांमधलं अंतर बोटानं चाचपून पाहिलं आणि मग अप्पांकडे वळली.

"आजोबा, आता तुम्ही."

अप्पा उठले, पाठ लावून चौकटीला उभे राहिले. तिनं पाट ओढत आणला, त्याच्यावर चढली, पेन्सिल घेऊन हात जाईल तितका वर नेला. तो त्यांच्या सदऱ्याच्या खिशापर्यंत पोचला. चवड्यांवर उभी राहिली असती तर आणखी थोडा गेला असता. पण तिनं खाली आपल्या पायांकडे पाहिलं, टाचा टेकवलेल्याच ठेवल्या, आणि खिशाजवळ, चौकटीवर, जपून एक रेघ ओढली.

"एवढे," ती म्हणाली.

"बरोबर," अप्पा म्हणाले, "एवढाच."